मागितला की उघडणारा वर्ग

३ एप्रिल, गुरुवार

आज तीनदा लाईट गेली. तीनदा! वीज कचेरीत फोन केला तर म्हणे, "फॉल्ट शोधून राहिलो मॅडम." उन्हाळा लागल्यापासून शोधूनच राहिलेत.

आणि तीनदा ह्यांची हाक — "संगिता, हे अडकलं!"

अडकणारच. लाईट आली की हॉलमधला कॉम्प्युटर आधी जागा होतो आणि आतल्या खोलीतली स्टोरेजची पेटी शोधू लागतो. ती म्हातारी तेव्हा स्वतःच्या डिस्क तपासत बसलेली असते. ती सापडेपर्यंत हा पुढे सरकत नाही. काळा पडदा, आणि त्याच्यासमोर हे, हातात चष्मा घेऊन.

ह्यांचे सगळे वर्ग त्या पेटीत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूमिती शिकवायचे तेव्हा हळदीच्या काढणीत पोरं गैरहजर राहत. त्यांच्यासाठी भर वर्गात टेप लावून धडे भरून ठेवायचे. साक्षी आता पुण्याहून एकेक कॅसेट उतरवून त्या पेटीत पाठवते. लेक आहे, पण बापासारखी चिकाटी आहे.

सकाळी काय खाल्लं ते ह्यांना आठवत नाही. मी कोण, तेही बहुतेक वेळ आठवत नाही. पण तो आवाज लागला की ताठ बसतात. पोरांना दटावतात, शाबासकी देतात. तेवढा वेळ माणूस घरी असतो.

४ एप्रिल

साक्षीचा फोन. "आई, सरळ पेन ड्राइव्हवर घाल ना सगळं."

घातलं होतं. ह्यांनी तो चहात बुडवून खाऊन पाहिला. पुढची सूचना?

७ एप्रिल, सोमवार

केलं! आयुष्यभर तंत्रनिकेतनात पोरांना हेच शिकवलं, आता घरी केलं. सुरू होतानाच पेटी जोडायची, ती सेटिंगमधली ओळ काढून टाकली आणि ऑटोमाउंट बसवलं. आता कुणी फोल्डर मागेपर्यंत कॉम्प्युटर पेटीकडे ढुंकून बघणार नाही. मागितला की त्या क्षणी जोडून देईल. काही वेळ कुणी हात लावला नाही की आपणच सोडून देईल. नवऱ्यांमध्ये ही सोय नाही.

मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. परत चालू केला तर पडदा लगेच उजळला. नाव टाइप करून 'नववी' मागितली — आली! उद्यापासून ह्यांना कुणावर अवलंबून राहायला नको. मलाही डाळ गॅसवर टाकून धावायला नको.

८ एप्रिल

लिहवत नाही. तरी लिहिते.

ह्यांनी 'वर्ग' हा फोल्डर उघडला. आत काहीच नाही. आठवी नाही, नववी नाही, दहावी नाही. पांढरं कोरं. "पोरं कुठं गेली? कुणी सुट्टी दिली?" असं विचारत घरभर हिंडले. मग पायरीवर बसून रडले, तोंड झाकून, मोठ्याने.

चूक माझीच. ऑटोमाउंट मागितल्याशिवाय काही दाखवत नाही. मी नाव टाइप करून मागितलं होतं. हे टाइप कुठे करतात? हे दारात उभे राहून बघतात. दिसल्याशिवाय मागायचं कसं?

चतुराबाई पोळ्या टाकून बाहेर आली. "काहून रडून राहिले सर?" मी सांगितलं. तिने पडद्यात डोकावून पाहिलं. "कोरंच हाय की ताई हे! एवढी शिकेल बाई तुमी, अन् लेकरावानी माणसाला रडवलं."

मी तिला म्हटलं, खरंय बाई. म्हणजे मी किती थकले असेन!

१० एप्रिल

एक सोय सापडली. नावं आधीच मांडून ठेवायची, वस्तू मागितल्यावर आणायची. जुन्या माहितीपत्रकात तिला घोस्ट म्हटलंय. दिसतं, पण हात लावेपर्यंत तिथे नसतं.

माझ्या घरात तसं एक आधीच आहे. त्याला हात लावूनही येत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणुकीचे ढोल घरापर्यंत ऐकू येत होते. ह्यांना निळा शर्ट घातला, पण बाहेर पडायला तयार नाहीत. "तास आहे माझा."

स्वतः बसले. स्वतः 'वर्ग' उघडला, 'नववी'वर बोट ठेवलं. वर्ग भरला. टेपमध्ये कुणी पोरगं म्हणालं, "सर, माझा कर्ण लई लंबा झाला!" आणि तरुण प्रेमळ आवाजात ह्यांचं उत्तर — "मग पाया खोटा घेतला असशील, लबाडा." इथे खुर्चीत हे खदखदून हसले.

मध्ये लाईट गेली, आली. काही अडकलं नाही. मी दाराआड उभी राहून पाहत होते. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर आज वहीवर चांदणी चिकटवली असती.

१६ एप्रिल

सुरळीत.

१९ एप्रिल, शनिवार

आज भाजी निवडताना लक्षात आलं. सात तारखेपासून ह्या घरात माझं नाव कुणी घेतलेलं नाही.

चतुराबाई ताई म्हणते. साक्षी आई. गल्लीत मी सरांची मिसेस. संगिता म्हणणारे एकच, आणि तेही फक्त पडदा अडकला की. एरवी मी त्यांना औषध देणारी कुणी बाई असते. पण काळा पडदा दिसला की कुठूनतरी ते नाव वर यायचं, बराबर, अख्खं, आणि मी ओले हात पदराला पुसत चिडून जायचे. "आले, आले, ओरडताय काय!"

मी ते दुरुस्त केलं. छान दुरुस्त केलं.

२२ एप्रिल, मंगळवार

जुनी ओळ परत घातली. ऑटोमाउंट काढून टाकलं. चाललेली व्यवस्था मोडणारे साहेब नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांना मी काय काय बोलले होते!

आता लाईट जायची वाट बघतेय. नेमकी जात नाही. वीज कचेरीला फोन करून विचारावंसं वाटलं, सापडला की काय तुमचा फॉल्ट?

२४ एप्रिल

दुपारी लाईट गेली, आली. पडदा काळा.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हाक आली नाही. हे हाताची घडी घालून, शहाण्या पोरासारखे समोर बसलेले. "अहो," म्हटलं. वळले नाहीत. "अहो!" — नाही.

मग लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं. नावाने हाक मारली. मोठ्याने. "प्रेमानंद!"

"आलो, माय," म्हणाले, आणि उठून माझ्याकडे आले.