मागच्या सीटवरचं मत

चि. ठमीस,

काकाचे उदंड आशीर्वाद. (जुनेच आहेत, पण अजून चालतात.) तुझा खोकला कसा आहे? वेळेवर जेवतेस ना, असं काकू विचारतेय. आमचं बरं चाललंय. कंबर सोडली तर सगळं जागेवर आहे.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एका मताने काय होतंय, काका?" हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. गेल्या निवडणुकीला मी आरशावर पाटी लावली होती : बोटावरची शाई दाखवा, कटिंग फुकट. वाटलं, तरण्या पोरांची रांग लागेल. आले कोण, तर गल्लीतले झाडून सगळे टकले! (एकाने कानावरचे चार केस कापून घेतले आणि वर मालिशही मागितली.) पोरांना मी खुर्चीत बसवून समजावलं. वस्तरा मानेवर असेपर्यंत जो तो "हो काका, नक्की" म्हणायचा. टॉवेल झटकला की वचनही केसांबरोबर केरात. आणि आता घरचीच पोर तेच म्हणते, तर मी बाहेरच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, आणि माझं राजकारणात कधी पटलं नाही. पण मतदानाच्या सकाळी मी त्याची दाढी करायचो आणि मग दोघे एकाच स्कूटरवरून शाळेतल्या केंद्रावर जायचो. तो त्याचं बटण दाबायचा, मी माझं. काकू म्हणायची, "तुमच्या दोघांची बेरीज शून्य, मग पेट्रोल कशाला जाळता?" पण बाहेर चहा पिताना आम्ही असे भांडायचो, की चहावाला कप काढून घ्यायचा. गेल्या खेपेला, तो गेल्यानंतर, मी एकटाच गेलो. चहा निवांत प्यायला मिळाला. अर्धा कप तसाच ठेवून उठलो गं.

येत्या रविवारी पुन्हा मतदान आहे. तुझं नाव अजून इथेच आहे. बाबा गेल्यावर तुला या घरात पाऊल टाकवत नाही, हे मला कळतं. जबरदस्ती नाही.

तुझा,
काका

ता. क. : काकू म्हणते, उपदेश पुरे, खरं काय ते लिही.

आणखी ता. क. : गेल्या खेपेला मशीनसमोर उभा राहिलो आणि दादाचं बटण दाबून आलो. (जन्मभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांनाच!) त्याचं मत टाकायला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तू ये. हवं त्याला मत दे, माझ्याविरुद्ध दे, बाहेर येऊन माझ्याशी भांड. मागची सीट पुसून ठेवली आहे.