पत्र्यात दिसलेली तूर

मंगळवार, दिवेलागण

दिरानं जीपमागे ओढून आणलेली, आत झोपायची सोय असलेली ती छोटी गाडी आमच्या वावरात उभी आहे. परवा तिच्यात पाव्हणे राहतील, म्हणून आज मी तिचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घासून राह्यली होती. राखेनं ओरखडे पडतात म्हणे, म्हणून ढाणकीहून आणलेलं पॉलिश मऊ फडक्यानं लावलं. परातीएवढी जागा आरशासारखी लखलखली. तिच्यात मी, अन् माझ्या मागे आमची तूर.

वारा नव्हता. तरी तूर हलून राह्यली होती, एकाच ओळीत, माझ्याकडे येत. मग थांबली.

वळून पाहायची हिंमत झाली नाई. हात तसाच फिरवत राह्यली. काहून? मी थांबली तर तुरीत जे होतं त्याले कळन का मी पाह्यलं, असं वाटलं. तेवढ्यात यांची मोटरसायकल वाजली, अन् तूर पुन्हा हलली. जंगलाकडे.

"रोही असन. कायले भेतं वो?" हे म्हणाले. पण तुरीजवळ काही गेले नाईत. रोही म्हंजे नीलगाय, तिचं डोकं तर तुरीच्या वर दिसते.

उद्या उरलेला पत्रा घासायचा आहे, तुरीकडे पाठ करूनच. सकाळी पयले ती परातीएवढी जागा पुसून घेईन. बाकीचं मग.