साहूजींच्या मित्राचा मुलगा

प्रिय यांगजी,

आधी खुशाली सांगतो. तुझी आमा बरी आहे, माझा गुडघाही बरा आहे. आपल्या थोरल्या याकानं कोठे गावातल्या आपल्या लॉजचं कुंपण पुन्हा मोडलं आणि मी ते पुन्हा बांधलं. मामा ग्याल्जेनचा एक दात पडला. त्यामुळे तो आता शिट्टी वाजवल्यासारखं बोलतो, आणि बोलणं मात्र कमी करत नाही. कालच आम्ही दोघं मेरा शिखरावरून उतरलो. या हंगामातली ही शेवटची फेरी. इतकी वर्षं लोकांना डोंगरावर नेतोय, पण असा पाहुणा पाहिला नव्हता. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. चहा करून घे आणि निवांत बसून वाच.

काठमांडूच्या ऑफिसातून निरोप आला की एकटाच गिऱ्हाईक आहे, तिथल्याच पाटणचा आहे, पन्नाशी उलटलेली आहे, घराच्या जिन्यापलीकडे कधी काही चढलेला नाही. मेराच चढायचं म्हणतोय, कारण नवशिक्यांना जमतं असं कुणीतरी सांगितलंय. आणि वाटाड्या म्हणून दावा नुरूच हवा, दुसरा कुणी नको. मला जरा फुशारकी वाटली, खोटं कशाला बोलू! लुक्लाला विमानातून उतरले ते एक बुटके, गोलमटोल शेटजी, अगदी साहूजी म्हणावेत असे. पायांत नवे कोरे बूट, काखेत काळी छत्री, आणि पिशवीत स्वतःचा पितळी पेला. म्हणाले, "माझं नाव पूर्णरत्न. तेवढं पुरे. डॉक्टरनं चालायला सांगितलंय." चालायला सांगितलेला माणूस सहा हजार मीटरच्या वर कशाला जाईल, असं विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी घाम पुसायला टोपी काढली.

पोरी, ते कान! पातेल्याच्या कड्यांसारखे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. गेल्या वसंतात तू रूपेशला घेऊन आलीस, तेव्हा ग्याल्जेन दिवसभर म्हणत होता की या पोराला कानांना धरून चुलीवरून उतरवता येईल. मी हळूच ग्याल्जेनला कोपर मारलं. त्यानं पाहिलं, आणि खोकल्याचं सोंग करत डोक्याएवढ्या उंच बांबूच्या झुडपामागे जाऊन पोट धरधरून हसून आला. पाटणच्या तांब्यापितळेच्या दुकानाचे मालक, रूपेशचे वडील, आमचं घर कसं आहे ते बघायला आले होते. तेही चोरून. त्यासाठी त्यांनी मेरा शिखर गाठायचं ठरवलं होतं. शहरातली माणसं सोयरीक बघायला निघाली की मिठाई आणतात. यांनी बर्फाची कुऱ्हाड भाड्यानं आणली होती.

आम्ही लांबच्या वाटेनं, जंगलातून निघालो. घाट ओलांडून थेट कोठे गाव गाठता येतं, पण ती वाट एकदम उंच नेते, नवख्या माणसाला विरळ हवा सोसत नाही. हवा अंगात लोणच्यासारखी मुरावी लागते. साहूजींना हे पटत नव्हतं. चढ आला की मला मागं टाकून ते पुढं पळायचे आणि पुढच्या वळणावर दगडावर बसलेले सापडायचे, छत्री उघडून, जणू तिथं बसायचंच ठरलं होतं.

कोठेला आमानं त्यांना दारात पाहिलं आणि तिला सांगावंच लागलं नाही. मला चुलीमागे ओढून म्हणाली, "हा माणूस मुलगी बघायला आलाय, आणि मुलगी सोडून सगळं बघतोय. बघू दे. आपणही बघू. तुम्ही त्याला हळू चढवा. माणूस दमला की खरं बोलतो." मग तिनं भात वाढायला घेतला, तर साहूजींनी ताटावर हात आडवा धरला. "पोटाला भात सोसत नाही मला." पिशवीतून घरचे पोहे काढले, सुकवलेलं रेड्याचं मांस काढलं, आणि आमच्याकडे पाठ करून जेवले. चहा घेतला, तोही आपल्या पेल्यात.  आमानं भाताचं झाकण असं आदळलं की बाहेरचं याक दचकलं. मला दसैनच्या सणाला तू चुलीपाशी जे बोलली होतीस ते आठवलं. त्याकडे नंतर येतो.

थांगनागला मी त्यांना मुक्कामाच्या वरच्या टेकडीवर चढवलं आणि परत खाली आणलं. ते भडकलेच. "परत खालीच यायचं होतं तर वर नेलंस कशाला?" म्हटलं, "साहूजी, उंच चढायचं आणि खाली निजायचं, म्हणजे अंगाला सवय होते." म्हणाले, "हे आमच्या दुकानात करून बघ. भाव चढवायचा आणि खाली विकायचा. वर्षात दिवाळं निघेल!" पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुन्हा चढले. आणि त्याच टेकडीवर, धाप लागलेली असताना, मला दाइ म्हणजे थोरला भाऊ करून त्यांनी विषय काढला.

"दाइ, माझा एक मित्र आहे. त्याचा एकुलता मुलगा आहे. त्या गाढवानं एका शेर्पा मुलीशी लग्न करायचं मनात घेतलंय."

मी दुर्बीण पुसत राहिलो. म्हटलं, "अरे बापरे. मग तुमचे मित्र काय म्हणतात?"

"काय म्हणणार? जातबिरादरी आहे, पूजाअर्चा आहे, घरात म्हातारी आई आहे. तुला काय वाटतं?"

"माझ्याही ओळखीचा एक शेर्पा आहे. त्याची मुलगी नर्स आहे. तिचंही असंच काहीसं आहे. तो म्हणतो, मुलगा चांगला आहे, पण कान फार मोठे."

साहूजींनी टोपी खाली ओढली. बराच वेळ चालले आणि मग म्हणाले, "कानांचं काय, ते वाडवडिलांकडून येतात."

त्यानंतर खारेच्या मुक्कामापर्यंत आमचं हेच चाललं. त्यांच्या मित्राला विचारायचं होतं की ती मुलगी रागीट आहे का. मी सांगितलं की माझ्या ओळखीचा शेर्पा तिला घाबरतो. माझ्या ओळखीच्या शेर्पाला विचारायचं होतं की मुलगा दारू पितो का. त्यांच्या मित्राचं म्हणणं पडलं की सणावाराला घरची ऐला घेतो, पण गाणी फार वाईट म्हणतो. ग्याल्जेन मागून भांडी घेऊन येत होता. तो एकदा म्हणाला, "तुमच्या या दोन मित्रांची एकदा गाठ घालून द्या ना, आमचे कान तरी मोकळे होतील." कान म्हटल्याबरोबर साहूजींचा हात टोपीकडे गेला.

खारेला बुटांना लोखंडी काटे बांधून बर्फावर चालायचा सराव केला. साहूजींनी काटे बोटानं वाजवून बघितले, दातांनी चावले आणि म्हणाले, "धातू बरा आहे, पण ओतणाऱ्यानं घाई केलीय." काटे त्यांनी पहिल्यांदा उलटे बांधले आणि बर्फावर असे घसरत गेले की ग्याल्जेनला घेऊनच थांबले. त्या दिवशी त्याचा दात पडला. तरी साहूजींनी हट्ट सोडला नाही. खरं सांगतो, मला तो हट्ट आवडायला लागला होता.

मग मेराच्या खिंडीतून वरच्या तळाकडे निघालो. साहूजींचं डोकं सकाळपासून दुखत होतं, पण ते त्यांनी दडवलं. माझ्यासमोर हार मानायची नव्हती ना! वाटेत ते उगाच हसायला लागले. मग हातमोजा पायात घालू लागले. मग ग्याल्जेनकडे वळून, दारुड्यासारखे झोकांड्या खात, कळकळीनं म्हणाले, "अगं रूपेशच्या आई, छत्री आण, ऊन फार आहे."

आम्ही दोघांनीही ते ऐकलंच नाही असं केलं. पण हसू आलं नाही. हे उंचीचं दुखणं आहे, ताबडतोब खाली न्यावं लागतं. मी तसं म्हणताच साहूजी एकदम शुद्धीवर आल्यासारखे ओरडले, "मी वर जाणार! मला परत फिरवलंस तर याद राख. तुला ठाऊक नाही मी कोण आहे आणि माझ्या हातात काय आहे!" मला ठाऊक होतं, पोरी. पुरतं ठाऊक होतं.  ग्याल्जेन माझ्या कानाशी आला आणि पडक्या दातातून म्हणाला, "दाजी, वर नेलं तर पोरीला सासरा उरणार नाही. खाली नेलं तर सासर उरणार नाही. ठरवा."

मी त्यांना दोरीला बांधलं आणि खाली वळवलं. वाटभर मला शिव्या पडल्या. मी गुराखी, मी भित्रा, मी लबाड, माझ्या सात पिढ्या डोंगरातल्या बकऱ्या. खाली उतरता उतरता शिव्यांची धार कमी होत गेली. खारेत पोचलो तेव्हा ते फक्त "बकरी, बकरी" म्हणत माझ्या पाठुंगळीला बसून खांद्यावर डोकं टेकून झोपले होते.

सकाळी डोकं उतरलं. चेहरा असा, जणू घरच्याच देव्हाऱ्यात हात घालताना पकडला गेलेला चोर. "दाइ, काल मी काही बोललो का?"

"काही नाही, साहूजी. थोडं छत्रीचं."

त्यांनी पेल्यातला चहा संपवला. मग म्हणाले, "आता तू म्हणशील तेव्हाच उठेन, तू म्हणशील तिथंच बसेन." आणि खरोखर तसंच वागले. खारेत आराम केला, जवळच्या चढावर जाऊन आलो, पुन्हा आराम केला. पोहे संपत आले होते. दुपारी मी बटाट्याची जाड रोटी आणि लोणी खात बसलो होतो, तर म्हणाले, "बटाट्याला काही विटाळ नसतो, नाही का?" मी म्हटलं, "बटाटा बिचारा जमिनीखाली असतो, त्याला काही ठाऊक नसतं." अर्धी रोटी त्यांनी माझ्याच ताटातून उचलली.

दुसऱ्यांदा आम्ही गोगलगाईसारखे चढलो. पहाटे वरच्या तळावरून निघालो, एका दोरीला तिघं, मध्ये साहूजी. बर्फाचा उतार लांबलचक आणि सौम्य आहे, नुसता संपत नाही. शेवटचा टेकाडाएवढा उभा चढ त्यांनी दोरी धरून, देवांची आणि कर्जबुडव्या गिऱ्हाइकांची नावं आळीपाळीनं घेत पार केला. वर ऊन होतं. च्योमोलुङ्मापासून, पाहुण्यांच्या एव्हरेस्टपासून, सगळी बडी मंडळी समोर बसली होती. साहूजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "पाटण कुठल्या बाजूला?" मी बोट दाखवलं. त्यांनी तिकडे हात जोडले, खिशातून कुंकू काढलं, बर्फाला लावलं, ग्याल्जेनला लावलं, मग माझ्या कपाळाला लावलं. डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठलं होतं.

"दाइ," म्हणाले, "घरी गेल्यावर मी माझ्या मित्राला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की गाढव त्याचा मुलगा नाही. गाढव तो स्वतः आहे."

काल कोठेला पोचलो. आमा चुलीपाशी होती. साहूजी आत आले, बूट काढले, आमच्याकडे तोंड करून मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भात आहे का?"  आमाचं भान सुटलं. "थांबा व्याहीबुवा, गरम वाढते," असं ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. ग्याल्जेननं छताकडे बघायला सुरुवात केली. साहूजींनी ताट पुढं केलं. तीनदा भात घेतला, डाळ ओरपली आणि हात धुताना म्हणाले, "असा भात माझ्या मित्राला फार आवडला असता." आमा म्हणाली, "मित्राला घेऊन या. पण बायकोसकट."

आता दसैनचं. तू म्हणाली होतीस, "आपा, ज्या घरात तुमच्या हातचा भात चालत नाही, त्या घरात मी जाणार नाही. मी रूपेशला 'नाही' म्हणून सांगितलंय, हा विषय आता काढू नका." मी काढला नाही. रात्रंदिवस गिळून बसलो, कारण ते 'नाही' तू आमच्यासाठी म्हणाली होतीस, आणि तेच आम्हाला टोचत होतं. आज सकाळी साहूजी अंगणात येऊन म्हणाले, "तुझी मुलगी काठमांडूत नर्स आहे ना? काही पत्रबित्र असेल तर दे, माझं त्या बाजूला सहज जाणं आहे." म्हणून हे लिहायला बसलो. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात ठेवून समोर जो बुटका माणूस टोपी कानांवर ओढून उभा असेल, तो तोच. त्याला बसायला सांग, गुडघे अजून दुखताहेत. आमच्यासाठी म्हटलेलं तुझं 'नाही' आम्ही परत घेतलंय. तुझं स्वतःचं काय आहे ते तू ठरव, आणि ते काहीही असलं तरी आमा आणि मी तुझ्याच बाजूला आहोत. आणि वाचताना मोठ्यानं हसू नकोस. ते नक्की विचारतील, "वडिलांनी काय लिहिलंय?" त्यांना सांग, हवापाण्याचं लिहिलंय.

तुझाच,
आपा