आई बाकावरून उठली तो रविवार

आई, तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. शाळेत चार ओळींच्या निबंधासाठीसुद्धा तुला माझ्या पाठीशी उभं राहावं लागायचं. आता माझा स्वतःचा कारखाना आहे, आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते मी सांगतो. कान माझे पहिल्यापासून तिखट. त्या कानांचंच आज सांगायचंय.

अंधेरीच्या चाळीतलं आपलं स्वयंपाकघर. स्टोव्हवर चहा उकळतोय, तू मांडीवर पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडून बसली आहेस. चर्चमधले पाळकसाहेब वाचून पुढे जायचे, तू वाचलेलं करायला घ्यायचीस. "लिहिलंय ना? मग करायचं." वैऱ्याला जेवू घाला असं निघालं त्या आठवड्यात नळावर रोज भांडणाऱ्या पैलवानाला तू गरम थालीपीठ नेऊन दिलंस. बिचारा आधी मांजराला घालून बघत होता.

शेजारच्या मालवणच्या काकूंशी मात्र तुझं फार जमायचं. त्यांची बशी आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे, आणि रिकामी कधीच परतायची नाही. मी नुकता वर्कशॉपला लागलो होतो. एका संध्याकाळी नळावर काकू कुणाला तरी तुझ्याबद्दल सांगताना ऐकल्या, "सकाळी उठान गाणी म्हणता, माका झोप गावना नाय." एवढंच. घरी येऊन मी ते तुला सांगितलं, आणि वर एक शब्द माझ्या पदरचा घातला. म्हटलं, काकू तुला बाटगी म्हणाल्या. तो शब्द खरं तर त्याच दुपारी मुकादमाने 'बाटग्या' म्हणून मला ऐकवला होता, सगळ्यांसमोर, माझा डबा बाजूला सारत. त्याला उलट बोलायची माझी छाती नव्हती. तू हातातलं लाटणं खाली ठेवलंस. काकूंची बशी फडताळात पालथी गेली ती तीन महिने तशीच.

मग माझ्या दृढीकरणाचा, म्हणजे चर्चमध्ये रीतसर सामील करून घेण्याचा, रविवार आला. पहिल्यांदा प्रभुभोजन, ती येशूच्या नावाने मोडलेली भाकरी, घेणार होतो. वडील नव्हते, आपण दोघं शेजारी गुडघे टेकू, हे तू वर्षभर बोलत होतीस. माझा सदरा तूच शिवला होतास. पाळकसाहेबांनी वाचलं, की अर्पण घेऊन आलास आणि कुणाशी बिनसलंय हे आठवलं, तर ते तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी तुझ्याकडे बघितलं आणि कळलं, आता ही उठणार.

"आई, नंतर जा गं," मी कुजबुजलो.

"आधी असं लिहिलंय," तू म्हणालीस, आणि पदर सावरत सगळ्या चर्चसमोरून बाहेर गेलीस. तो शब्द काकूंचा नव्हता, एवढं बोललो असतो तर तू थांबली असतीस. मी एकट्याने गुडघे टेकले. भाकरीचा तो एवढासा तुकडा तोंडात फिरत राहिला.

घरी आलो तर काकूंच्या दारात तुझ्या चपला. आत तू नारळ खवते आहेस, बशी कट्ट्यावर, तिच्यात आपल्याकडचे रव्याचे लाडू.

"तुझी आवस बघ रे," काकू मला म्हणाल्या, "येऊन माफीच मागूक लागली. मी काय बोललंय तां विचारलंय, तर सांगणा नाय."

"बोललेलं परत कशाला उगाळायचं?" तू मान वर न करता म्हणालीस. "राग माझ्या मनात होता."

"बरां, जावंदे. नारळ करवंटीपर्यंत खव, पांढरा ठेव नको."

संध्याकाळी तू विचारलंस, "घेतलंस ना रे?" मी म्हटलं, घेतलं. "मग झालं. मी पुढच्या महिन्यात घेईन." पण सदऱ्याची घडी करताना तू त्याच्यावरून हात फिरवत राहिलीस, ते मला दिसलं.

काकू अजून आहेत. दिंडोशीला मुलाकडे असतात, ऐंशी उलटली, ऐकू कमी येतं. माझ्याकडून रिक्षाने अर्धा तास. परवा महिन्याचा पहिला रविवार, आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवायची पाळी माझी आहे. काकूंना सगळं सांगून यायचं आणि मगच हे पत्र पुरं करायचं, असं ठरवून मी लिहायला घेतलं होतं. पत्र पुरं होत आलं, आई. मी अजून गेलेलो नाही.