क्रमांक सदतीसच्या हजेरीबाबत

दि. २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
रानमळा कला महाविद्यालय,
छत्रपती संभाजीनगर

विषय : एम. ए. इंग्रजीच्या परीक्षेसाठी घोंगडीची हजेरी अर्जदाराच्या नावे धरून हॉल तिकीट मिळणेबाबत.

संदर्भ : सूचना फलकावरील यादी, क्र. ३७ : 'सर्व तास गैरहजर'.

महोदय,

खालील मजकुरावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, याची अर्जदारास पुरती खात्री आहे. म्हणूनच तो लेखी देत आहे.

१) अर्जदार भिकन रामा शिंगाडे, वय ६७, राहणार पाचोड, धंदा मेंढपाळ. मेंढरांमागं फिरत त्यानं मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली. नात शालू हिला शहरात एकटी कशी धाडायची, म्हणून सोबतीला त्यानंही तिच्याच वर्गात नाव घातलं. सोबत राहिली बाजूला, इंग्रजी साहित्याचा नाद मात्र लागला.

२) मेंढपाळांत जुनी रीत आहे. पाण्याला जाताना धनी काठी रोवतो, तिच्यावर घोंगडी टाकतो. धनी उभाच आहे असं समजून कळप हलत नाही. त्याच रीतीनं अर्जदारानं शेवटच्या बाकावर काठी, घोंगडी व वर फेटा ठेवून मेंढरं चारण्यास प्रस्थान केलं. वर्गातला कळपही वर्षभर हलला नाही.

३) दीपमाला मॅडमनी 'सदतीस' पुकारताच घोंगडी पंख्याच्या वाऱ्यानं मान डोलवीत असे. शोकांतिका शिकवली त्या दिवशी ती पिळली असता चार लिटर पाणी निघालं. चाचणी परीक्षेत तिनं कोरा कागद दिला, तरी वीसपैकी सात गुण पडले. घरी तोच पेपर सोडवून अर्जदारास सहाच पडले. शेरा होता, 'फार पाल्हाळ'. तेव्हापासून हुशार पोरं घोंगडीकडंच नोट्स मागतात, ही बाब अर्जदारास लई लागली आहे.

४) परीक्षा येत्या सोमवारी आहे. अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांत पडदा वाढत आहे. पुढल्या साली अक्षर दिसेल याची हमी डॉक्टर देत नाहीत. तरी घोंगडीची हजेरी धन्याच्या खाती धरावी. नियमात बसत नसल्यास हॉल तिकीट घोंगडीच्या नावे द्यावं. ती पेपरला येईल. आत अर्जदार असल्यास आपली हरकत नसावी.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
भिकन रामा शिंगाडे

सोबत : घोंगडीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, दोन प्रती (समोरून).

साक्षीदार : वरील मजकूर वाचून दाखविला, तो खरा आहे. सही : ________

(सही झाली नाही. साक्षीदार कु. शालू, क्र. ३८, मजकूर ऐकून मोठ्यानं जे बोलली, ते तिच्याच हट्टावरून जसंच्या तसं उतरवलं आहे : "आबा, किती खोटं बोलाल! घोंगडी तर वर्षभर आजी पांघरती. तुमी रोज माझ्यासंगं यायचे अन् वर्गाच्या खिडकीखाली बसायचे. पोरं हसतील म्हून आत आले नाय. मॅडमनी सदतीस म्हणलं की बाहेरून हळूच 'यस मॅडम' कोण म्हणायचं? माझा नंबर लगेच मागून यायचा, आबा. मला रोज ऐकू यायचं.")