चाचांचा एकच फोटो

अप्पा, आज सकाळपासून पाठ धरली आहे आणि घरात कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझं वय आता तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. एक थकलेली म्हातारी आपल्या तरुण बापाला लिहिते आहे, असंच म्हणा. चाचांच्या फोटोची गोष्ट एकदा नीट मांडावी असं फार दिवस मनात होतं. तुम्हाला ती ठाऊकच आहे, पण ते सगळं पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

आपला स्टुडिओ म्हणजे बाजारातली एक खोली आणि मागं उघडं अंगण. कचेरीच्या कागदावर गाव उस्मानाबाद, आपल्या तोंडी धाराशिव. दारावरची पाटी उर्दूत आणि मराठीत, दोन्ही अक्षरं चाचांच्या हातची. शेजारच्या गाळ्यात ते पाट्या रंगवायचे. फोटोमागचा पडदाही त्यांनीच रंगवलेला. त्यात तळं होतं, कमान होती आणि बदकासारखे दिसणारे दोन हंस होते. येरमाळ्याच्या यात्रेहून परतणारी माणसं नव्या कपड्यांत त्या तळ्यापुढं श्वास कोंडून उभी राहायची. चाचांनी स्वतःचा फोटो मात्र कधी काढू दिला नाही. "मेरा मुँह अल्ला ने देखा, बीवी ने देखा, बस हो गया," म्हणायचे.

जर्मनीच्या लढाईमुळं फोटोचा माल मिळेनासा झाला होता, तेव्हाची ती दुपार. तुम्ही सोलापूरहून फोटो उमटवायच्या काचेच्या प्लेटांचा एक जुना डबा आणला होता आणि माल खराब झालाय का, ते बघायचं होतं. "भाई, बसा जरा. तुमचा फोटो न्हाय काढत, काच तपासतो," असं म्हणून तुम्ही चाचांना स्टुलावर बसवलं. हातात ब्रश तसाच. तुम्ही काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, आणि कुणाची तरी शेळी अंगणात शिरून तुमच्या धोतराचा सोगा चघळायला लागली. "अप्पा, तुमारी धोती!" म्हणून चाचा जे हसायला लागले! तुम्हाला वाटलं ते चेष्टा करतायत. तुम्ही भिंगावरचं झाकण काढलं, लावलं, आणि मगच मागं वळून पाहिलं. प्लेट धुतल्यावर एका कोपऱ्यात डाग निघाला. ती तुम्ही बाजूला ठेवून दिली आणि आम्ही सगळे विसरलो.

मग ते भीतीचे दिवस आले. आपण स्टुडिओला कुलूप लावून हद्दीपलीकडं बार्शीला मावशीकडं गेलो आणि किल्ली चाचांकडं राहिली. पोलीस ॲक्शन होऊन सगळं निवल्यावर परतलो, तर शेजारचा गाळा बंद. चाचांनी आयुष्यात ब्रशापलीकडं काही हातात धरलं नव्हतं, आणि त्या गोंधळात रानातल्या वाटेवर त्यांना कुणी मारून टाकलं होतं. कुणी, ते गावाला माहीत असणार. विचारलं की माणसं दुसरंच काही बोलायला लागायची.

दुसऱ्या दिवशी चाची आल्या. बुरख्यातला हात पुढं झाला, त्यात आपली किल्ली. "उनो बोले थे, अप्पा आए तो चाबी देना." किल्ली देऊनही त्या उंबऱ्यापाशीच उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "भाईसाब, उनका एक फोटू रहता तो देव. मैं परसों भाई के साथ हैदराबाद जारी. फिर इधर आना नई होता."

"भाभी, त्यांनी कधी काढूच दिला न्हाय ओ," तुम्ही म्हणालात.

त्या गेल्या, तुम्ही जेवायला बसलात आणि घास हातात धरून थांबलात. "ती शेळीवाली काच!" म्हणून तसेच उठलात. मग आपण दोघं एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात धरून बघतोय. नवरानवरी, पाटील, तान्ही बाळं, काचेवरच्या उलट्या छापात सगळ्यांचे चेहरे काळे आणि केस पांढरे. चाचा सापडले ते थेट दुसऱ्या दिवशी. तोवर छापायचा कागद किती उरलाय ते आईनं पाहून ठेवलं होतं. "आवो, भूमच्या लग्नाचे फोटो द्यायचेत. हा कागद संपला तर परत कधी मिळंल?"

"लग्नातली माणसं जित्ती हायत," तुम्ही म्हणालात. आई आत गेली.

काचेखाली कागद दाबून तुम्ही चौकट उन्हात ठेवली. पहिला कागद उन्हात जास्त भाजून काळा पडला. दुसऱ्याच्या वेळी तुम्ही सारखं कडेनं उचलून बघत होतात आणि मी सावली पडू नये म्हणून लांब उभी होते. आधी टोपी उमटली, मग दाढी, मग डोळे. मी म्हणाले, "कोपरा पांढरा पडलाय, अप्पा." तुम्ही खेकसलात, "कोपरा कोण बघतंय?"

चाचींच्या दारात टांगा उभा असताना आपण फोटो नेऊन दिला. चाचींनी भिंतीकडं तोंड करून बुरख्याचा पडदा वर केला. मग म्हणाल्या, "ये तो हस रहे. मेरे सामने कब्बी इत्ता नई हसे." तुम्ही त्यांना शेळीची हकीकत सांगितलीत, धोतराचा सोगा धरून दाखवलात. भिंतीकडं तोंड करूनच त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. टांगा गेला. पुढं त्यांचं काही कळलं नाही.

तुमच्यामागं स्टुडिओ मी चालवला. बायकांनी कौतुक केलं, पुरुषांनी नावं ठेवली, मग दोन्ही थांबलं. पुढची वर्षं नुसते अर्जाला लावायचे फोटो. हसू नका, समोर बघा, पुढचा या. शेवटी फोटो काढणारे फोनच आले आणि मी दुकानाचं शटर ओढलं. वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू? पाय दुखत होते.

आता नात पुण्यात शिकते. जुन्या बाजारातून तिनं रिळाचा कॅमेरा घेतलाय आणि स्वतःच्या हातानं फोटो छापते. एवढे कष्ट कशाला, असं मी तिला दोनदा बोलले. परवा आली आणि माझाच फोटो हातात ठेवला, मी भाजी निवडत बसले असतानाचा. "फोटोत कशी आलीस गं आजी?" मी म्हणाले, "बोटं काळी करून घेतलीस नुसती." तिचं तोंड पडलं.

हे पत्र कुठं टाकणार? पण अप्पा, तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तिनं दिलेला तो फोटो माझ्या उशाखाली आहे आणि दुपारी दार लोटून मी तो काढून बघते.