गाडीला मेंदू पाहिजे

३ मार्च, मंगळवार

गाडीला नवा टर्बो बसला. मोठा! मिस्त्री म्हणाला, "आता घोडा झाला, सर." हिला सांगितलं — जुना गेला होता, बदलावाच लागला.

गेला नव्हता. ठणठणीत होता. दिवसभर कारखान्यात मापकं तपासतो, दोन टक्के चुकलं तरी लाल चिठ्ठी लावतो, आणि घरी येऊन हे. कारण? मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, चाळिशी उलटली, आता नाही तर कधी?" हे कारण वहीतसुद्धा बरं दिसत नाही.

६ मार्च, शुक्रवार

गाडीला उचकी लागते. चढावर जोर दिला की क्षणभर इंजिनचा जीव जातो, मग पुन्हा पळते. ही म्हणाली, "कोण आठवण काढतंय हिची एवढी?"

मिस्त्रीने समजावलं. नवा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, पण इंजिनचा संगणक — तो त्याला मेंदू म्हणतो — अजून जुन्या टर्बोच्या हिशेबाने चालतो. जास्त दाब दिसला की घाबरून पेट्रोलच तोडतो. उपाय तीन. त्याच मेंदूला नवे आकडे शिकवायचे. किंवा मध्ये एक डबी बसवायची — दाब वीस असला तरी ती मेंदूला पंधराच सांगते. नाहीतर जुना मेंदू काढून अख्खा नवा.

"डबी बसवा, सर. दुपारभराचं काम."

"म्हणजे त्याला खोटं सांगायचं?"

"घाबरवायचं नाही, एवढंच!"

७ मार्च

डबी नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ मार्च, गुरुवार

तक्ता केला. तीन ओळी, चौदा रकाने. गार इंजिन सुरू होणं, चढावरची ओढ, इंजिन आतून ठकठक करायला लागलं तर कोण सावरणार, बिघडलं तर कोणाचे पाय धरायचे. पंधरावा रकाना 'मनःशांती' — आखला, खोडला. तिघांना सारखेच गुण पडले! मग गुणांची वजनं बदलून पाहिली. डबी पहिली आली. वजनं पूर्ववत केली.

तक्ता मिस्त्रीला दाखवला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा. "सर, मेंदू शोधताय की जावई?"

१५ मार्च, रविवार

हिला घेऊन घाटात गेलो. एक तारखेपासून हिची नवी नोकरी डोंगरापलीकडच्या गावात. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, रोज, याच रस्त्याने. म्हणून गाडी तिलाच चालवायला दिली.

ट्रक ओलांडताना, अगदी त्याच्या बरोबरीला आलो असताना — उचकी! समोरून बस. हिने शांतपणे ब्रेक दाबला आणि पुन्हा ट्रकच्या मागे आली. मी दरवाजाची मूठ धरून बसलो होतो. दोन्ही हातांनी.

वर पोचल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. "एक तारखेपर्यंत ही उचकी जाईल ना? नाहीतर मला तिकडेच खोली बघावी लागेल."

"जाईल की."

"एवढंच?"

मी दाबाबद्दल सविस्तर सांगू लागलो. ती काचेबाहेर बघत होती. ऐकत असावी.

१८ मार्च, बुधवार

ठरलं. नवा मेंदू! स्वच्छ, प्रामाणिक, शून्यापासून. लॅपटॉपवाल्याला फोन केला — मेंदूंना आकडे शिकवणारा इथे हा एकच. म्हणाला, "सहा आठवडे धरा. वायरिंग सगळं नवीन. आणि गारठ्यात सकाळी रुसेल थोडी, आधीच सांगतो."

ठरलं नाही.

२० मार्च

एका दाबमापकाला लाल चिठ्ठी लावली. वीसला एकोणीस दाखवत होतं. बिचारं! त्याने मुद्दाम तरी केलं नव्हतं.

२१ मार्च, शनिवार

मिस्त्रीचा पुन्हा डबीचा आग्रह. मी प्रामाणिकपणावर बोललो. जरा जास्तच बोललो असणार, कारण तेवढ्यात त्याचा चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला. मग हात पुसत म्हणाला, "वहिनींना जुना टर्बो गेला म्हणून सांगितलंत ना? मग त्याही डबीवरच चालल्यात की!"

हसलो. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

२२ मार्च

जुन्याच मेंदूला नवे आकडे. काढून लॅपटॉपवाल्याला दिला. आठ दिवस. का हाच? तक्त्यात कारण सापडत नाही. हिला एक तारखेला गाडी हवी, आणि खोटं आणखी वाढवायचं नाही — रकाने दोनच लागत होते.

३० मार्च, सोमवार

आला मेंदू! लॅपटॉपवाला मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. घाटात म्हणाला, "दाबा. आणखी. घाबरताय काय?" दाबलं. उचकी नाही. नुसती लांबलचक ओढ, जणू डोंगरच मागे सरकतोय. मी मोठ्याने ओरडलो. या वयात! तो स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "सगळे ओरडतात."

त्याच धुंदीत घरी आलो. ही कपड्यांना इस्त्री करत होती. सांगून टाकलं — जुना टर्बो चांगला होता.

"माहीत आहे. मिस्त्रींनी त्याच दिवशी फोनवर अभिनंदन केलं माझं, सरांनी चांगला असूनही हौसेने बदलला म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." इस्त्री बाहीवरून फिरत राहिली. "बोललास. सत्तावीस दिवसांनी."

मोजले होते तिने. तरी फार हलकं वाटतंय. गाडी पुसून ठेवली, टाकी भरली, चाकांतली हवा दोनदा तपासली. एकदाचं सगळं मार्गी लागलं.

१ एप्रिल, बुधवार

ही सकाळच्या बसने गेली. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली — "राहू दे तुला. मनासारखी झालीय." पहिला दिवस, दडपण असेल, असं मी धरून चाललो. संध्याकाळी आणायला जाणार होतो.

दुपारी डोंगरापलीकडून कुणा घरमालकीणबाईंचा फोन. हिने माझा नंबर देऊन ठेवला होता. "ताई पोचल्या का हो? त्यांनी ठरवलेली खोली फेब्रुवारीपासून झाडून ठेवलीय."

टर्बो बसला तीन मार्चला.